डोमिनार ४०० चे टायर बदलायचेत: घाटात पकड हवी, मे महिन्यात सिमेंट रोडवर टिकायलाही हवेत (नागपूर)

वळणवेडा
गाडी डोमिनार ४००. पुढे ११०/७० आर १७, मागे १५०/६० आर १७, दोन्ही रेडियल ट्यूबलेस. मागचा मधोमध सपाट झालाय आणि झीज दाखवणाऱ्या पट्ट्यांना टेकलाय. पुढच्यात खाच अजून अडीच मिमी आहे. रोजचं धरमपेठ ते हिंगणा एमआयडीसी, बहुतेक सिमेंट रोड. महिन्यातून दोन रविवार सावनेर-सौंसरवरून सिलेवाणी घाट, वर्षातून एखाददोन वेळा चिखलदरा. समृद्धी सुचवू नका, तिथे दुचाकीला बंदी आहे.

प्रश्न चार:
१. स्पोर्ट घ्यावा की स्पोर्ट-टूरिंग?
२. मागे १६० बसेल का?
३. फक्त मागचा बदलला तर चालेल का?
४. इथल्या उन्हात हवा किती ठेवायची?

रिम_आधी
दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण दुकानात सगळ्यात जास्त चुना तिथेच लागतो. १६० नको.

टायरची रुंदी रिम ठरवते. १५०/६०-१७ म्हणजे रुंदी १५० मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १७ इंची. रिमवर आत कोरलेलं वाच, १७ × ४.०० असं काहीतरी दिसेल. १५०/६०-१७ हा ४ ते साडेचार इंची रिमसाठी आहे, १६०/६०-१७ हा साडेचार ते पाचसाठी. चारच्या रिमवर १६० चढवला की दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. सरळ चालताना जमिनीला टेकणारा पट्टा उलट अरुंद होतो, आणि कडेच्या ज्या रबरासाठी पैसे मोजले ते गाडी कितीही झुकवली तरी जमिनीला लागत नाही. वर वजन वाढतं, चेन आणि चेनगार्डपाशी जागा कमी पडते.

व्यासही बदलतो. १५०/६० चा बाहेरचा व्यास हिशेबाने सुमारे ६१२ मिमी, १६०/६० चा ६२४. मागची बाजू ६ मिमी उचलली जाते आणि गिअरिंग दोन टक्के लांब होतं, म्हणजे ओढ तेवढी कमी. दिसायला भारी, चालवायला जड.

थ्रॉटल_वऱ्हाडी
काऊन बे, सगळे तर मोठेच टायर टाकून राहिले ना.

रिम_आधी
टाकून राहिले भाऊ, अन् मंग गाडी वळत नाही म्हणून हँडल बदलून राहिले.

मोहफूल
पहिल्या प्रश्नावर. 'स्पोर्ट' या शब्दावर जाऊ नकोस, टायर कामाच्या तापमानाला पोचतो का आणि मधला पट्टा किती टिकतो हे बघ.

तुझा नव्वद टक्के प्रवास सरळ रेषेत आणि तापलेल्या सिमेंटवर आहे. एकाच मऊ रबराचा स्पोर्ट टायर इथे मधून खाल्ला जातो, कडा कोऱ्या राहतात, आणि पाचसहा हजार किलोमीटरनंतर गोल टायरचा चौकोन होतो. तुझा आत्ताचा मागचा तसाच झालाय. असा टायर वळणात शिरताना आधी हट्ट करतो, सपाट भागाची कड ओलांडली की एकदम आत पडतो. नवीन टायर घातल्यावर लोक म्हणतात, अमुक कंपनीचा काय वळतो! त्यातलं निम्मं श्रेय नुसत्या गोल माथ्याचं असतं.

म्हणून स्पोर्ट-टूरिंगच घे, तोही दुहेरी रबराचा: मधे कडक, कडेला मऊ. सिलिका जास्त असलेलं रबर ओल्या रस्त्यावर आणि डिसेंबरच्या थंड सकाळीही लवकर पकड देतं. सिलेवाणीच्या वळणांवर साठ-सत्तरच्या वेगात स्पोर्ट-टूरिंग टायरची पकड कमी पडत नाही, कमी पडतो तो रस्ता. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं डांबरावर पडून चिरडलेली असतात, चिखलदऱ्याला सागाची वाळकी पानं वळणाच्या आतल्या बाजूला साचतात. उमरेडकडे गेलास तर कोळशाच्या डंपरची भुकटी. या तिन्हींवर कुठलंच महागडं रबर उपयोगाचं नाही.

वळणवेडा
नावं सांगा ना.

मोहफूल
तुझ्या मापात पर्याय बरे आहेत, कारण ड्यूक ३९० आणि अपाचे आरआर ३१० ला हीच जोडी लागते. मिशेलिन रोड ५ आरआर ३१० वर २०२० पासून कंपनीतूनच येतो. तुझ्या वापराला तो सगळ्यात जवळचा, पावसात तर विशेष. पिरेली डायब्लो रोसो ३ घाटात जास्त मजा देईल, पण रोजच्या हिंगण्यात मधून लवकर जाईल. देशी टायरांत अपोलो अल्फा एच१ स्पोर्टकडे झुकलेला आणि किमतीच्या मानाने चोख. नुसता टिकाऊपणा हवा असेल तर गाडीवर आलाय तोच एमआरएफ पुन्हा घे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

परदेशी टायर दुकानात नेहमी मिळेलच असं नाही. जून २०२० पासून टायरची आयात परवान्याशिवाय होत नाही, त्यामुळे माल येतो तेव्हा येतो. एक टायर आज आणि जोडीदार तीन महिन्यांनी, असं करू नकोस. दोन्ही हातात आले की मगच जुने काढ.

पाना_बारा
नावाआधी बाजूच्या भिंतीवरचं वाचायला शिका. ११०/७० आर १७ ५४एच म्हणजे ५४ हा भारांक, २१२ किलो. १५०/६० आर १७ ६६एच, ६६ म्हणजे ३०० किलो. एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत, एस १८०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. भारांक मूळ टायरपेक्षा कमी घ्यायचा नाही. वेगाचं अक्षर वरचं चालेल, खालचं नाही. गाडी दीडशेच्या वर जात नाही म्हणून एस पुरेल, असा हिशेब दुकानदार मांडतो. पण ते अक्षर उष्णता सोसण्याचंही माप आहे, आणि उष्णतेची आपल्याकडे काय कमी?

तारीख: डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. बऱ्याच टायरांवर हे एकाच बाजूला असतं, उलटवून पाहा. नीट साठवलेला एक वर्षाचा टायर चांगलाच म्हणायचा. पण पत्र्याच्या शेडमध्ये दोन उन्हाळे काढलेला किंवा दुकानाच्या काचेत उन्हात शोभेला ठेवलेला तारखेने नवा असला तरी घेऊ नका. खाचेत नख दाबून बघा. रबर दबून परत यायला हवं. खाचेच्या तळाशी केसासारख्या भेगा दिसल्या तर तिथूनच परत फिरा.

आयएसआय चिन्ह आहे का बघा. पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. जुनी किंमत छापलेला माल असेल तर तेवढ्यासाठी तोंड उघडायचं.

थ्रॉटल_वऱ्हाडी
हवेचं मी सांगतो. उन्हाळ्यात इकडे सगळे २५-२६ च ठेवून राहिले. तापून वाढते ना, मंग फुटत नाही. अन् पकडबी येते.

रिम_आधी
नाही भाऊ, हे उलटं आहे. आकडे मांडतो.

मॅन्युअलमधला किंवा मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवरच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. समज मागे ३२ पीएसआय. पहाटे ३० अंशाला ३२ भरली. वाडी नाका ओलांडून दुपारी पळवताना आतली हवा ७० अंशाला गेली, की तीच हवा ३८ दाखवते. मोजताना वातावरणाचे १४.७ धरायचे आणि तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, हिशेब तंतोतंत जुळतो. ढोबळ नियम: दर १० अंशाला दीड पीएसआय. कंपनीने ही वाढ गृहीत धरूनच थंड टायरचा आकडा दिलेला असतो.

आता पंपावरचा पोरगा ३८ बघतो, 'जास्त आहे साहेब' म्हणतो आणि काढून ३२ करतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मोजलं तर साडेसव्वीस. महिनाभर तू त्या साडेसव्वीसवर फिरतोस. हवा कमी म्हणजे भिंत जास्त दुमडते, दुमडली की जास्त तापते. टायर उन्हाने फुटत नाही, दुमडून तापल्याने आतले थर सुटतात आणि मग फुटतो. सामान लादून, डबल सीट, भर दुपारी, कमी हवेवर: हे सगळं एकत्र आलं की झालंच.

पकडीचं म्हणशील तर ट्रॅकवर हवा उतरवतात ते खरं. पण तिथे टायर तापल्यावर मोजतात, ट्रॅकचेच टायर असतात आणि वीस मिनिटांनी गाडी परत येते. रस्त्यावर २५ ठेवलीस तर वळणात मागची बाजू डुलते. लोक त्याला सस्पेन्शन खराब झालं म्हणतात.

थ्रॉटल_वऱ्हाडी
मंग गरम असताना कमी वाटली तर?

रिम_आधी
गरम टायरची हवा काढायची नाही, हे एक. भरायची वेळ आली, म्हणजे पंक्चर काढलं, तर गरममध्ये स्टिकरपेक्षा चारपाच जास्त भर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवायच्या आधी नीट कर. स्वतःचा गेज ठेव. पंपावरच्या दोन मशीनमध्ये तीनतीन पीएसआयचा फरक असतो.

वळणवेडा, तुझं उत्तर: स्टिकरवर आहे तेच, थंड टायरमध्ये, दर पंधरा दिवसांनी. मे असो की डिसेंबर, आकडा तोच. फक्त मेमध्ये भरलेली हवा डिसेंबरच्या १० अंशाच्या पहाटे तीनने कमी दिसेल, तेव्हा वर आण.

मोहफूल
नायट्रोजनचं कुणी विचारायच्या आत सांगून टाकते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. विकतच्या नायट्रोजनमध्ये ओलावा नसतो एवढाच काय तो फायदा. फुकट मिळाला तर भरा.

पाना_बारा
तिसरा प्रश्न राहिला. एका पुढच्यात दोन मागचे होतात हे साधारण गणित, त्यामुळे फक्त मागचा बदलणं चुकीचं नाही. पण तुझ्या पुढच्याला अडीच मिमी आणि पावसाळा तोंडावर. पाणी आधी पुढचा टायर कापतो. मागचा त्याच्या ओल्या पट्ट्यातून जातो. पुढचा सुटला तर सावरायला वेळ मिळत नाही, मागचा सुटला तर थोडा तरी मिळतो. दोन मिमीच्या आसपास आलेला पुढचा घेऊन जुलैत सिलेवाणी चढू नकोस. दोन्ही बदल.

पुढच्यावरून तळहात फिरवून बघ. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने दातेरी लागत असेल तर नक्षीचे ठोकळे वाकडे झिजलेत. त्यामागे कमी हवा, फोर्कचं जुनं तेल किंवा ढिले स्टीअरिंग बेअरिंग असतं. ते न बघता नवा टायर घातला तर तोही तसाच झिजेल.

आणखी एक, रचना. रेडियलमध्ये आतल्या थरांचे धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे असतात, बायसमध्ये तिरके. पुढे बायस आणि मागे रेडियल अशी जोडी काही गाड्यांना कंपनीच देते, आर१५ व्ही३ बघा. उलटं, म्हणजे पुढे रेडियल मागे बायस, कधी नको.

एनएस_२००_सदर
मधेच घुसतो, माफी. एनएस २०० मागे १३०/७०-१७ आहे. १५० नको हे समजलं, १४० टाकू का?

रिम_आधी
दोन १४० आहेत आणि दोन्ही वेगळं वागतात. १३०/७० चा व्यास ६१४, १४०/७० चा ६२८, १४०/६० चा ६००. म्हणजे पहिल्याने मागची बाजू ७ मिमी वर जाते, दुसऱ्याने ७ मिमी खाली. वर गेली तर गाडी वळणात पटकन शिरते, पण गिअरिंग सव्वादोन टक्के लांब होतं. खाली बसली तर ओढ वाढते, पण गाडी आळशी वळते आणि स्टँडवर जास्त उभी राहते. दोन्हीपेक्षा चांगल्या रबराचा १३०/७० घे. फरक रुंदीपेक्षा रबराने जास्त पडतो. पुढच्याशी छेडछाड करू नकोस, १००/८० च ठेव. एबीएस दोन्ही चाकांच्या फिरण्याची तुलना करत असतं.

पाना_बारा
आता बसवताना काय बिघडतं ते सविस्तर लिहितो, कारण चांगला टायर वाईट बसवला की सगळं मुसळ केरात.

मशीनवाल्याकडेच जा. पायाखाली दाबून आणि टायर लिव्हरने काढणारा अलॉयची कड चेपतो, मग तिथून हवा हळूहळू निघत राहते. चाक डिस्कवर आडवं ठेवू देऊ नका, खाली जुना टायर ठेवा. एबीएसची दातेरी रिंग कुठल्या बाजूला आहे ते आधीच दाखवा, मशीनचा हात त्या बाजूला लागता कामा नये.

चाक निघालंय तर दोन मिनिटं बेअरिंगला द्या. बोट घालून फिरवा, खरखर लागली तर आत्ताच बदला. मागच्या चाकातले डँपर रबर ढिले झाले असतील तर तेही. स्पेसर डावा कुठला, उजवा कुठला याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उलटसुलट बसला की चाक एका बाजूला घासतं.

रबरी वाल्व टायरसोबत नवा टाका. जुना मुळाशी वाकवून बघितला तर भेग दिसते. टायरची जी कड रिममध्ये बसते तिला साबणाचं पाणी लावायचं. ग्रीस किंवा ऑइल लावलं तर ब्रेक मारताना टायर रिमवर सरकतो. फिरण्याच्या दिशेचा बाण तपासा. पुढच्या आणि मागच्या टायरच्या नक्षीची दिशा कधीकधी उलट दिसते, डोळ्यांवर नाही, बाणावर विश्वास ठेवा. भिंतीवर रंगीत ठिपका असेल तर तो वाल्वपाशी आणा, वजन कमी लागतं.

हवा भरताना ही कड दोनदा फट्‌ करून बसते. चाळीस पीएसआयपर्यंत नेऊनही बसली नाही तर हवा सोडा, पुन्हा साबण लावा. दाब वाढवत राहू नका. बसल्यावर रिमच्या काठाला लागून टायरवर एक बारीक रेघ दिसते. चाक हाताने फिरवून ती रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का बघा, दोन्ही बाजूंनी. एके ठिकाणी आत बुडालेली दिसली तर कड बसलेली नाही, आणि ते चाक ऐंशीला थाडथाड करणार. गडबडीत ही रेघ कुणी बघत नाही. तुम्ही बघा.

बॅलन्सिंग दोन्ही चाकांचं, जुनी वजनं काढून. मागचं चाक लावल्यावर चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या, मग अ‍ॅक्सलचा नट टॉर्क पान्याने. पुढच्याला क्लॅम्पचा बोल्ट आवळायच्या आधी गाडी स्टँडवरून उतरवून फोर्क दोनचार वेळा दाबा, फोर्कचे दोन्ही पाय सरळ बसतात. आणि गाडी हलवायच्या आधी ब्रेकचा लिव्हर आणि पेडल कडक होईपर्यंत दाबा! पॅड मागे ढकललेले असतात. पहिला दाब पोकळ जातो आणि समोर दुकानाचीच पायरी असते.

वळणवेडा
आणि नवीन टायर घसरतात म्हणतात, ते कशाने?

मोहफूल
साच्यातून निघालेला पृष्ठभाग तुळतुळीत असतो, तो झिजायला वेळ लागतो. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर ब्रेक आणि थ्रॉटल हळू, झुकणं रोज थोडं वाढवत. नुसतं वर्धा रोडवर सरळ जाऊन दोनशे पुरे केले तर मधलाच पट्टा तयार होतो, कडा अजून कोऱ्याच. रविवारी थेट घाटात झुकवलंस की तिथे सुटेल. फुटाळ्याच्या बाजूची वळणं हळू घेत कडा खरडून घे. सँडपेपर मारू नकोस, आणि धुलाईवाला टायरवर चमक फासतो त्याला स्पष्ट नाही म्हण. शेवटच्या अर्ध्या इंचाची कोरी पट्टी काढायचा अट्टहास नको. रस्त्यावर ती राहिली म्हणजे तेवढी पकड राखून ठेवली आहे.

पावसात सिमेंट रोडचे लांब सांधे तिरके ओलांड. त्यांच्या रेषेत चाक गेलं की हँडल ओढल्यासारखं होतं. त्यात टायरचा दोष नसतो.

थ्रॉटल_वऱ्हाडी
पंक्चरचं सांगा. वडी चालते का रेडियलले?

पाना_बारा
मधल्या पट्ट्यात, खिळ्याएवढं भोक असेल तर बाहेरून भोकात रबरी वडी घालून घरी पोचायला चालते. कायमचं हवं तर टायर काढून आतून छत्रीसारखं पॅच. खांद्याला किंवा भिंतीला भोक असेल तर टायर बाद, कितीही नवा असला तरी. वडी घातलेल्या टायरवर घाट नको. आत ओतायचा हिरवा गम टाळा. एका जागी साचला की बॅलन्स जातो, आणि आतून पॅच मारायच्या वेळी पृष्ठभाग साफच होत नाही.

वळणवेडा
ठरलं. ११०/७० आणि १५०/६०, रोड ५ ची जोडी एकाच वेळी मिळाली तर ती, नाहीतर अल्फा एच१. शेवटचं: पंपावर नळीचं तोंड पुढच्या डिस्कला अडतं. ९० अंशाचा धातूचा वाल्व बसवून घेऊ का, टायर निघतोयच तर?

पाना_बारा
घे, हीच वेळ आहे. फक्त रिमचं भोक मोजल्याशिवाय आणू नकोस. ते ११.३ मिमी असतं किंवा ८.३, आणि एकाचा वाल्व दुसऱ्यात बसत नाही. तोंड डिस्क नसलेल्या बाजूला वळव, नट आवळताना वाल्वची मान धरून ठेव, आणि कॅलिपरपाशी चाक हाताने एक पूर्ण फेरी फिरवून मधे जागा राहते का ते बघ. टोपी धातूची आणि आत रबरी वायसर असलेली लाव.

थ्रॉटल_वऱ्हाडी
रिम_आधी भाऊ, आज सकाळी थंड मोजली. मागे चोवीस निघाली. भरून राहिलो.